बेटेगावची सवत

माणसं शेजाऱ्याच्या बंगल्यावर जळतात, साडूच्या गाडीवर जळतात. पण सवतीवर जळावं तसा एका अख्ख्या मॉलवर जळणारा माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा चुलत सासरा आहे. पालघर स्टेशनजवळच्या बाजारात काकांचं साड्यांचं दुकान. बेटेगावच्या अंगाला मॉल झाला आणि इकडे पालघर, तिकडे बोईसर, दोन्ही बाजार भरदुपारी जांभया द्यायला लागले. काका मॉलचं नाव घेत नाहीत. ‘ती’ म्हणतात. कोणी नवा शर्ट घालून दुकानावरून गेला की विचारणार, “तिच्याकडून आणलास ना?” बिचारा हो म्हणाला तर तोंड फिरवतात, नाही म्हणाला तर विश्वास ठेवत नाहीत. तिथल्या गारव्याने सांधे धरतात, सरकत्या जिन्याने माणसाची चाल बिघडते, अशी त्यांची ठाम मतं. माझ्या बायकोने तिथून साधी उशीची खोळ आणली, तर दिवाळीला आमच्याकडे आलेले काका रात्रभर स्वतःच्या दंडावर डोकं ठेवून झोपले.

पण मत्सर स्वस्थ बसू देतो होय? एकदा मला रिक्षात कोंबून म्हणाले, “चला जावईबापू, तिचं तोंड तरी बघून येऊ.” आत साड्यांचा विभाग दिसला आणि काकांनी दारातच चपला काढल्या. जन्मभर गादीवर बसून साड्या दाखवलेला माणूस, कापडाजवळ चपला घालून जाणार कसा? रखवालदार धावत आला. “चाचा, चप्पल पहन लो, इधर चलता है.” काका अनवाणीच आत शिरले आणि एक पदर चिमटीत धरून बराच वेळ उभे राहिले. परतताना रिक्षात म्हणाले, “कापडाजवळ चपला. काही रीत म्हणून नाही.” पोत कसं होतं, ते मात्र सांगेनात.

खरी धास्ती होती ती जागूबाई मॉलकडे वळेल याची. दातिवऱ्याची ही कोळीण. तिच्या लग्नाचा बस्ता काकांकडचा, थोरल्या मुलीचाही काकांकडचाच. आता धाकटीचं जमलं होतं. काका रोज गादीवर धुतलेली चादर घालून वाट बघायचे. बस्त्याला मंडळी आली की दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडतो, आणि त्या ढिगावर काकांचा फार जीव.

एका दुपारी मी तिथे असतानाच तो ढीग पडला. जागूबाई, नवरी, दोन्हीकडच्या बायका, आणि प्रत्येकीच्या हातात मॉलची पिशवी. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. जागूबाई गादीवर ऐसपैस बसत म्हणाली, “रागावू नको शेठ. पोरींनी तयंच घेतला सगला. पन तयं बसाला जागा नाय, नि चांगला हाय का वायट ता इचारू कोनाला? तू सांग.”

मला वाटलं, आता काका उट्टं काढणार. त्यांनी नुसतं नाक मुरडलं असतं तरी सगळा बस्ता परत गेला असता. काकांनी आधी चहा सांगितला. मग पहिली साडी उलगडली, पदर नवरीच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “शोभते गं पोरी तुला.” एकेक करून सगळ्या साड्या त्यांनी स्वतःचा माल असल्यासारख्या दाखवल्या. नवरदेवाच्या आत्याला काठ पसंत पडेनात, तर तिचीही समजूत काढली. मग साऱ्या आपल्या हातांनी घडी घालून रचल्या आणि दरवेळेसारखा आपल्या कपाटातला एक चोळीचा खण वर ठेवला.

मंडळी चपला घालून निघून गेली. काका कितीतरी वेळ चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.

“पोत चांगलं आहे हो तिचं,” शेवटी म्हणाले. “वाईट असतं तर किती बरं झालं असतं.”