आत्याने शिवून टाकलेल्या मुली

भिण्याच्या बाबतीत माझ्या आत्याने जी मजल मारली, ती आमच्या खानदानात दुसऱ्या कुणी कशातही मारलेली नाही. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची आणि वेळेवर झाली नाही तर त्याहून जास्त दचकायची. दाराची बेल वाजली की आधी छातीवर हात, "मेलंय गो बाय, मेलंय!" आणि मग कडी. कांजूरमार्गच्या चाळीत खालच्या खोलीत तिची ड्रेपरी होती, म्हणजे शाळांच्या गॅदरिंगसाठी पोशाख भाड्याने द्यायचा धंदा. नवा पोशाख शिवला की आधी ती स्वतः दिवसभर तो घालून वावरायची. त्यातच भांडी घासायची, जिना चढायची, माळ्यावरचे डबे काढायची. एकदा पोपटाच्या हिरव्या पंखांनिशी ती कोथिंबीर आणायला गेली, तर भाजीवाला म्हणाला, "मावशी, मिरच्या पण देऊ का?" सगळा बाजार हसला. आत्या मात्र पंखाचा टाका उसवलाय का, एवढंच चाचपत होती. आणि एरवी, साडीत असली की, तिच्या डाव्या मुठीत स्वतःचा पदर घट्ट धरलेला असायचा. अगदी झोपेतसुद्धा.

अशा बाईला कुणी काय काम द्यावं? मुलुंडला मुलींच्या कबड्डीच्या मोठ्या स्पर्धा ठरल्या होत्या, परदेशांतले संघ येणार होते. पदकांची तबकं घेऊन चालणाऱ्या मुलींच्या पोशाखांत "अख्खा भारत दिसला पाहिजे", असं संयोजकबाईंचं म्हणणं. आत्याने घाबरून 'नाही' म्हणायच्या ऐवजी घाबरून 'हो' म्हटलं आणि घरी येऊन अन्नपाणी सोडलं.

"अख्खा भारत म्हणजे नेमका कुठवर गं? एखादा मुलूख राहिला आणि ते लोक चिडले तर?"

"आत्या, कबड्डी आहे. कुणी दारात मोर्चा नाही आणणार."

पण शेवटी डोकं तिनेच लढवलं. सगळ्या मुलींना आपला काष्टा, पण कापड प्रत्येकीचं वेगळ्या मुलखातलं. एकीला इरकल, एकीला बांधणी, एकीला संबळपुरी, एकीला मणिपुरी. इतकं झकास दिसत होतं, की मी हरखून गेले. आत्याला मात्र आता मणिपुरी काठ उलटा लागला असेल अशी धास्ती. मला ओढत घाटकोपरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली, तिथे मणिपूरची एक नर्स होती. तिने काठ बघितला आणि "एकदम बरोबर, सुंदर!" म्हणाली. बाहेर आल्यावर आत्या कुजबुजली, "पेशंटना धीर द्यायची सवय असते गं त्यांना."

मग तबकात बटाटे ठेवून तिने प्रत्येक पोशाखात जिना चढायला-उतरायला सुरुवात केली. तेव्हा खरी भीती बाहेर आली. "दोन्ही हात तबकाला. पदर सावरायला हात उरतो कुठे?" हे ती शंभरदा म्हणाली असेल आणि शंभरही वेळा मी हसले.

समारंभाच्या दिवशी मात्र माझंही हसू आटलं. भीती तापासारखी लागते माणसाला. बाहेर ढोल, माणसांचा गलका, आणि आत आत्याचा पांढराफटक चेहरा. मुली तयार झाल्या, तशी तिने सुई घेतली आणि त्यांना अंगावरच शिवायला घेतलं. हुकांवर टाके, काष्ट्याला टाके, पदर ब्लाऊजला पक्का.

"आत्या, बस झालं ना! श्वास तरी घेऊ दे त्यांना."

दोरा दातांत धरूनच ती बोलली, हळूच. "मी पण खेळायचे कबड्डी. जिंकलो एकदा. बक्षीस घ्यायला साडी नेसून या म्हणाले. शेजारणीची नेसले. दोन्ही हातांत ढाल दिली आणि निऱ्या सुटल्या. अख्खं मैदान हसलं गं. ढाल टाकून पळाले, ती परत मैदानात पाय नाही ठेवला."

इतक्या वर्षांत हे कुणाला माहीत नव्हतं. मी सुईत दोरा ओवून दिला.

मुली निघाल्या. मी दारातून बघत होते. बांधणीवाल्या मुलीचा पाय मॅटच्या कडेला अडकला, गुडघा मुडपला, तबक कललं, एक पदक घरंगळत काठापर्यंत आलं. आता सगळं सुटणार! पण एक टाका हलला नाही. पोरगी सावरली, हसली, चालू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आनंदाने मागे वळले, तर आत्या गायब.

आणि मग खरा गोंधळ. मुली परत आल्या त्या उड्या मारतच. "ताई, लवकर सोडवा ना, बाथरूमला जायचंय, वाट लागलीय!" गळ्यापासून गुडघ्यापर्यंत शिवलेल्या, आणि कात्री आत्याच्या पिशवीत. आत्याला शोधशोध शोधलं. अखेर सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या मॅटच्या मागे सापडली. डोळे मिटलेले, कानांत बोटं.

"काय सुटलं?" तिने विचारलं.

"काही सुटत नाहीये, तेच तर संकट आहे! कात्री दे आधी!"

आता ड्रेपरी बंद झालीय आणि आत्या माझ्याकडेच असते. त्या समारंभाचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. दुपारचा चहा झाला की म्हणते, "लाव गं जरा." बांधणीवाली अडखळायच्या आधी ती डोळे मिटते आणि माझं मनगट पकडते. बोटं गार पडलेली असतात.

"पुढे?"

"सावरली."

"पदर?"

"जागच्या जागी."

"कुणी हसलं?"

"नाही गं आत्या. टाळ्या वाजवतायत. ऐक."

मग ती ऐकते. हळूहळू डोळे उघडते. परवा बघितलं, तर टाळ्या चालू असताना तिची डावी मूठ सैल झाली होती आणि पदर घसरून मांडीवर पडला होता. तिला कळलंही नव्हतं. मी टाळ्या पुन्हा पहिल्यापासून लावल्या.