भट्टीच्या पाठीवरचा हात

माझ्या सासूच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. कशी गेली ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी काय छाती! पण सगळं रामायण त्या करंगळीपायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

आम्ही अनसिंगजवळच्या एका खेड्यातले वरठी. गावाचे कपडे धुवायचे, आणि लग्नात नवरानवरीच्या पायांखाली पांढऱ्याशुभ्र पायघड्या अंथरायच्या, हा आमच्या घराचा मान. लढाईच्या सालात मी त्या घरात सून म्हणून आले. महिना झाला नाही तोच पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं.

लगीनसराईची पहिली भट्टी लावण्याआधी तिची पूजा करायची रीत होती. भट्टी म्हणजे मातीची मोठी चूल, तिच्यात बसवलेला पाण्याचा हंडा, आणि हंड्याच्या तोंडावर सोड्याच्या पाण्यात भिजवून रचलेले कपडे. खालून जाळ लागला की वाफ कपड्यांतून वर चढते आणि मळ सोडवते. सासू म्हणाली, "तू सारव, अन् मांगच्या अंगाले हळदीचा हातबी तूच उमटव. माह्या चार बोटांचा हात देवाले कायले?"

मी मोठ्या हौसेनं सारवायला घेतली. मागच्या बाजूला एक भोक दिसलं. माझ्या माहेरची भट्टी म्हणजे तीन धोंडे आणि वर हंडा, तिला ना पाठ ना पोट. मला वाटलं, उंदरानं कोरलंय मेल्यानं. भोकात दगड ठोकला, वरून शेणमाती लिंपली आणि नेमका त्याच जागी हळदीचा हात उमटवला. पाचही बोटं ठसठशीत! शेजारची काकू पूजेला आली होती. तिनं वाकून तो हात पाहिला आणि कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भट्टी पेटवली. लग्न उद्यावर आलेलं. दुपार झाली तरी पाणी आपलं कोमटच. आमचे हे गाढवं घेऊन नदीवर गेलेले, घरात आम्ही दोघीच. तेवढ्यात पाटलांचा गडी निरोप घेऊन आला, "ऊन उतरायच्या आत पायघड्या वाळत दिसल्या नाईत, तर दुसऱ्या गावचा वरठी बलावतो म्हंते पाटील."

सासूचा चेहरा उतरला. हा मान तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. आणि काकू दारात उभी राहून म्हणते कशी, "नवी सून पांढऱ्या पायाची दिसते वं बाई."

असा संताप आला म्हणून सांगू! पण रडत बसले असते तर तिचंच खरं झालं असतं. मी पदर खोचला. जळणाला घातलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या असतील म्हणून त्या ओढून काढल्या आणि कोरड्या तुराट्या घातल्या. त्याही धुपतच राहिल्या. हंडा गळत असेल म्हणून आत हात घालून बाजूची राख चाचपली, ती कोरडी ठणठणीत. पाणी जास्त झालं असेल म्हणून दोन घागरी उपसल्या. हाताला फोड आले, पण पाण्याला काही उकळी येईना.

"नजर लागली," म्हणून सासूनं मीठमिरच्या ओवाळल्या आणि जाळात फेकल्या. नजर लागली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही म्हणतात. इथे तर भसकन सगळा धूर तोंडाकडूनच बाहेर आला आणि आम्ही तिघी खोकून खोकून बेजार. काकू तर डोळे चोळत अंगणात पळाली. बरी जिरली!

खोकता खोकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धूर आमच्या अंगावर कशाला येतो? त्याला मागून वाट हवी. आणि ती वाट...

मी खुरपं घेऊन मागं धावले. सासू ओरडली, "अवं थांब! पूजेचा हात हाय तो!"

"भट्टी थंडी राह्यली तर पूजा कायची, आत्याबाई?" मी म्हटलं, आणि माझ्याच पाच बोटांवर खुरपं घातलं. माती निघाली, दगड निघाला, आणि जाळ असा घोंघावला की मीच दचकले. घटकाभरात कपड्यांतून वाफ निघायला लागली. ऊन उतरायच्या आत पायघड्या दोरीवर होत्या, दुधासारख्या.

सासूनं पायघड्या उतरवून घड्या घातल्या आणि निजायला गेली. मला रात्रभर धाक, आता माहेरी धाडते की काय!

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळ्या बायांसमोर काकूनं काढलंच, "काहून वं, सुनेनं भोक बुजवलं व्हतं म्हंते भट्टीचं?"

"मी बुजवलं," सासू म्हणाली. "वय झालं, ध्यान राह्यत नाई. अन् वरचा हातबी माह्याच व्हता."

तिनं उजव्या हातात पायघडीची घडी धरलेली होती. ती चार बोटं सगळ्यांना दिसत होती. भट्टीवरची पाच बोटं डोळ्यांनी पाहिलेली काकू त्या हाताकडं बघत मागं सरकली.

"पाह्यतं काय?" सासू माझ्यावर खेकसली. "धर हे टोक. वाकडी आंथरली तर पाय मोडीन तुहे."

मी टोक धरलं. डोळ्यांपुढं सगळं धुरकट झालं होतं, तरी पायघडी सरळ अंथरली.