या वयात काय म्हणून

मैदानाच्या फाटकाशी नळ होता, तिथेच पहिली चूक झाली. आमच्याकडे दाराजवळ नळ दिसला की पाय धुतल्याशिवाय आत जाता येत नाही. कुंभकोणात देवळं इतकी, की ही सवय डोक्याला नाही, पायांना लागलेली असते. मी चपला काढल्या, पाय धुतले, ओल्या पायांवरच खिशातले नवे मोजे चढवले आणि रांगेत उभा राहिलो. मागे माझी थोरली बहीण, अक्का, छत्री घेऊन.

"वर्ष झालं नाही अजून, आणि तू जत्रेला आलास," ती म्हणाली.

"ही जत्रा नव्हे, अक्का."

"मग ते पेंग्विन काय म्हणून नाचतंय?"

फाटकापाशी पेंग्विनच्या वेषात कोणीतरी खरोखरच नाचत होतं. मे महिन्यातली दुपार होती. त्या माणसाची दया येण्याऐवजी मला रागच आला.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. वर्षाच्या आत आमच्या घरांत सण होत नाहीत, करमणुकीला कोणी जात नाही. हे सगळं मी पाळत होतो, कारण मला ते सोपं होतं. घरात बसून वाचायचं, एवढंच मी जन्मभर केलं आहे. पण गेल्या आठवड्यात मेलकावेरीतल्या आमच्या रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा गेली. कुंभकोणात प्रथमच खरा बर्फ, बर्फावर स्केटिंग, फक्त या महिनाअखेरपर्यंत. मी पुस्तक मिटलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवराबायको कॅनडात मुलाकडे हिवाळाभर राहिलो होतो. त्याच्या गावात वाचनालयामागे नगरपालिकेचं बर्फाचं मैदान होतं, सगळ्यांना खुलं. म्हातारी माणसं लोखंडी चौकट पुढे ढकलत सावकाश फिरत. मी वाचनालयात खिडकीशी बसायचो आणि ती कुंपणाशी उभी राहून बघायची. गारठली की आत यायची.

"अहो, चला ना, दोघं जाऊ. ती निळ्या टोपीची बाई माझ्याहून मोठी असेल."

"या वयात काय म्हणून?" मी म्हटलं. पुस्तकातून मान वर न करता.

तिने तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी मी बहुधा नुसतं पान उलटलं. ती एकटी जाऊ शकली असती, पण गेली नाही. तिला हात धरायला कोणीतरी हवं होतं, आणि माझे हात पुस्तकात होते.

वर्षश्राद्धाच्या आत एकदा बर्फावर पाऊल ठेवायचं, एवढंच मला हवं होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. अक्काला सांगितलं, कारण सोबत पिशवी धरायला कोणीतरी पाहिजे होतं. ती म्हणाली, "मेल्यावर शहाणपण आलं." आणि चप्पल घालून निघाली.

तिकिटांच्या खिडकीतल्या बाईने माझ्या पायांकडे बघितलं आणि मान हलवली. ओले मोजे चालणार नाहीत, बूट खराब होतात. नवे मोजे विकत घेतो म्हटलं, तर फक्त लहान मुलांचे उरले होते. वाळवून आणा, म्हणाली. मग काय, अक्काने छत्री उघडून उन्हात उलटी ठेवली आणि तिच्या काड्यांवर माझे दोन मोजे पसरले. आम्ही दोघं भावंडं पाऊणशेच्या आसपासची, त्या छत्रीची राखण करत बसलो. अर्ध्या अर्ध्या तासाने शिट्टी होत होती, मुलं बाहेर येत होती, दुसरी आत जात होती.

"पाय काय म्हणून धुतलेस?"

"तूही धुतलेस की."

"मला कुठे बूट घालायचेत?"

तिसऱ्या शिट्टीनंतर मोजे वाळले. तोपर्यंत मी मांडवाच्या कडेला जाऊन आत डोकावून आलो होतो. गेलो नसतो तर बरं झालं असतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या फळ्या एकमेकींत अडकवून जमीन केली होती आणि एकजण बाटलीतून तिच्यावर काहीतरी चिकट फवारत होता. मी वाकून हात लावला. कोमट होती. स्वयंपाकघरात तिळाचं तेल सांडलं की फरशी लागते, तशी.

मी खिडकीशी परत गेलो. "हा बर्फ नाही," मी तमिळमध्ये म्हटलं. आयुष्यात मी दुकानदाराशी भांडलेलो नाही, आवाज चढवता येत नाही, त्यामुळे ते तक्रारीसारखं न वाटता बातमीसारखं वाटलं असावं.

"हो," बाई म्हणाली. "इथे बर्फ कसा टिकेल, तात्ता?" मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "इंद वयसुल एदुक्कु तात्ता?"

या वयात कशाला, आजोबा. तीही हातातल्या मोबाईलवरून मान वर न करताच बोलली होती. मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा, त्या वाचनालयात, बायकोलाही सुचलं नसणार.

"जायचं आहे," मी म्हटलं. "बर्फ नसला तरी."

मग कागद आला. साठीच्या वरच्यांसाठी घरच्यांची सही लागते. नात्यासाठी चार चौकोन होते: पती, पत्नी, मुलगा, मुलगी. बहीण नव्हती. बाई म्हणाली, पत्नीवर खूण करा, कोण बघतंय.

"मी काय म्हणून याची बायको होऊ?" अक्का म्हणाली. तिने पेन घेतलं, चारही चौकोनांवरून एक आडवी रेघ ओढली आणि बाजूला तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अक्का'. खाली सही केली. बाईने हरकत घेतली, पण अक्काच्या चेहऱ्याकडे बघून कागद ठेवून घेतला.

बूट एक आकडा मोठे मिळाले. दोऱ्या बांधण्यात इतका वेळ गेला की आत पोचलो तेव्हा थोडीच मिनिटं उरली होती. चौकटी सगळ्या मुलांनी घेतल्या होत्या. मी कठडा धरला. एक पाऊल, दुसरं. बूट फळीच्या जोडावर अडकत होता आणि फवाऱ्याचा वास येत होता. मी थांबून वाट बघितली, काहीतरी वाटेल म्हणून. घामाशिवाय काही आलं नाही. माझा उजवा हात कठड्यावर होता. डावा मोकळा होता, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना. सहावं पाऊल टाकताना शिट्टी झाली.

बाहेर आलो तेव्हा अक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"थंड होतं का रे?"

"नाही."

"तिकडचं तरी थंड होतं ना? खरं?"

मी बुटाची दोरी सोडत होतो. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, नखांनी निघेना.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी कुंपणापर्यंतही गेलो नव्हतो."

अक्का खाली वाकली आणि दातओठ खात ती गाठ सोडवू लागली.