बोटातली मूळव्याध

पहिल्या बाळंतपणानंतर मला मूळव्याध झाली. तेव्हा हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारत नसे. भातलावणीत दिवसभर वाकून काही वाटायचं नाही, पण जेवायला बसायची वेळ आली की मी एका मांडीवर कलंडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, कंबर धरलीय.

पौडच्या बाजारात एक अंगठीवाला बसायचा. अमुक अंगठी बोटात घातली की मूळव्याध जाते, असं त्याचं सांगणं. बरोबरच्या बाया बांगड्या भरत होत्या, तेवढ्यात मी पदर ओढून त्याच्याकडून एक घेतली. ती घालून गावभर हिंडले, हळदीकुंकवाला गेले, बारशाला गेले. कुणी काही विचारलं नाही, म्हणून स्वतःच्या हुशारीवर खूश. पुढे काही वर्षांनी कळलं की तसली अंगठी कशासाठी घालतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सासूबाई त्या काळात माझ्या ताटात ठेचा वाढत नसत आणि ताकाचा तांब्या मात्र माझ्यापुढे सरकवत. मी येडी समजायची, ठेच्याला हात आखडतात.

यंदा माझी नातसून बाळंत झाली. ती लातूरकडची, हिंजवडीला कंप्युटरवर काम करते. बाळ दोन महिन्यांचं झालं तसं माझ्या ध्यानात आलं, की ती सकाळी मोबाइल घेऊन संडासात जाते ती अर्धा तास बाहेर येत नाही. येते तेव्हा डोळे लाल. जेवायला अर्धी चपाती, पाणी घोटभर. नातू म्हणाला, डाएट करत असेल. अंगावर पाजणारी बाई कसलं डाएट करते? मग एकदा ती सोफ्यावर बसलेली पाहिली. एका मांडीवर कलंडून.

दुपारी बाळ झोपल्यावर तिच्यापाशी जाऊन बसले. काय होतंय विचारलं, तर म्हणाली, कंबर दुखते.

"कंबरेचं नाव नको सांगू पोरी, ते लई वर्षं मीच वापरलंय," मी म्हणाले आणि तिला अंगठीची सगळी गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली आणि हसता हसताच रडायला लागली. पंधरा दिवस रक्त जात होतं. मोबाइलवर वाचून तिने ठरवूनच टाकलं होतं, की हा कॅन्सर आहे. संडासाची धास्ती घेऊन तिने खाणंपिणंच तोडलं होतं.

"बाळ अजून मानसुद्धा धरत नाही, आजी," एवढंच बोलली.

मी तिला जवळ घेतलं. "मूळव्याधच असंल. पर माझ्या म्हणण्यावर जाऊ नको. रक्त जातंय तर डॉक्टरणीनं बघितलंच पायजे. मी येते संगं."

पिरंगुटच्या डॉक्टरणीने तपासलं. मूळव्याधच होती. ती तिला समजावत होती, की खाणं आणि पाणी तोडलं म्हणून खडा होतो, मग कुंथावं लागतं आणि कुंथलं की रक्त येतं. भाज्या, फळं खा, भरपूर पाणी पी, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बस, मोबाइल संडासाच्या बाहेर ठेव. बाळाला चालेल असं मलम दिलं आणि रक्त थांबलं नाही तर परत यायला सांगितलं.

मी बाळाला घेऊन उठायला लागले तर नातसून म्हणाली, "डॉक्टर, आजींनाही आहे. पन्नास वर्षांपासून. कधीच दाखवलं नाही."

मी डोळे वटारले. डॉक्टरणीने विचारलं, अजून रक्त जातं का. मी खिडकीतून पिरंगुटची रहदारी बघत बसले.

"मी चढले ना टेबलावर, आजी?" असं म्हणत नातसुनेने बाळ माझ्या मांडीवरून उचललं.

चढले. माझीही मूळव्याधच निघाली, पण या वयात रक्त जातंय तर एकदा आतून दुर्बिणीने बघून घेऊ, असं डॉक्टरणीचं म्हणणं पडलं. नातसुनेने मला न विचारता तिथंच पुण्याची तारीख घेतली. परतताना रिक्षात मी तिला सांगून टाकलं, की मला भीती वाटतेय. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, बाळालाही घेऊन जाऊ, तिघी बसू बाहेर नंबर येईपर्यंत.