भवानी कोणाच्या हातची

"इस्टार्ट करा मास्तरांनू, इस्टार्ट!"

अंगणात पाऊल पडायच्या आधी कोळणीची हाक पडवीत पोचलेली असायची. डोक्यावर माशांची पाटी, एक हात पाटीला, दुसरा कमरेवर, आणि दोन्ही पाय जागच्या जागी चाललेले. बसायचं तर नावच नको. पाणी दिलं तरी उभ्यानं प्यायची आणि पिता पिता पुढच्या घराकडे बघायची. मालवणच्या किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील, पण इतकी चुळबुळी बाई क्वचितच पाहिली असेल.

इस्टार्ट म्हणजे भवानी, दिवसातली पहिली विक्री. हा शब्द तिनं कसालच्या बाजाराला जाताना मोटारीतून उचलला होता. ड्रायव्हर ओरडायचा, गाडी थरथरायची आणि झाडं मागे पळू लागायची. त्या शब्दात जोर आहे असं तिचं मत झालं ते कायमचं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. फळ्यावर बिगिन, स्टार्ट, कमेन्स लिहून वाक्यं करायला सांगितली की पोरं जांभया देत. हिच्याकडे वाक्यांना तोटा नव्हता. नवऱ्याचा ताप इस्टार्ट, शेजारणीचं तोंड इस्टार्ट, वारा इस्टार्ट. एकदा मी गंमत म्हणून सांगितलं की मोठ्या समारंभाला साहेब लोक कमेन्स म्हणतात. तिनं शब्द तोंडात घोळवून पाहिला.

"पचपचीत आसा," ती म्हणाली. "ह्येनी गाडी हलूची नाय."

मला ते पटलं. आपल्याकडेही प्रारंभ भाषणात होतो आणि सुरुवात घरात.

पण भवानीच्या बाबतीत तिची थट्टा केलेली तिला खपत नसे. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करणारं नको, शिंकणारं नको, रिकाम्या हातानं दारात आलेलं नको. भवानी होईपर्यंत तिच्या जिवाला थारा नसे. माझ्या आईचा हात तिला लाभतो असं तिनं ठरवून टाकलं होतं. आईनं दिलेलं नाणं ती कपाळाला लावायची, पाटीला टेकवायची, काहीतरी पुटपुटायची, आणि मग कुठं तिचा चेहरा सैल व्हायचा.

आमच्या कुंपणापलीकडे सुमती राहायची. लग्न होऊन वर्षभरात नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. घरातलं सगळं तीच करायची, फक्त पहिलं काही करायची नाही. लोणच्याच्या बरणीत पहिला हात भावजयीचा, भाताच्या पेरणीची पहिली मूठ भावजयीची. सकाळी मासे घ्यायला तिला कधी दारात येऊ देत नसत. कुणी ओरडून सांगावं लागत नसे. तिला ठाऊक होतं, आणि तेच मला फार लागायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या. कोळणीचा मुलगा इंजिनाच्या होडीवर पहिल्यांदाच निघाला होता. त्या इंजिनात तिच्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. त्या दिवशीची भवानी बरी झाली पाहिजे म्हणून ती खाडीचे मासे घेऊन पहाटेच आली, तर आई तापानं अंथरुणावर.

"वयनी, आजच कशी गो आजारी पडलंस?" तिनं दारातूनच हात जोडले. आई उठायला बघत होती, मीच उठू दिलं नाही. कोळीण अंगणात दोन फेऱ्या मारून रस्त्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. भावजय बाळंतपणाला माहेरी गेलेली, भावाला कामावर जायची घाई. सुमती ताट घेऊन पायरीवर आली आणि कोळणीला बघताच मागे सरकली.

"आधी माझ्याकडे नको," ती म्हणाली. "दुसरीकडे भवानी करून ये गो. मगे घेतंय मी."

कोळणीची पाटी डोक्यावरून अर्धी उतरली होती. ती तशीच थांबली. तिचे पाय थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"मगे कित्याक? मगेपर्यंत मासो ताजो रवतलो?" ती एकदम वस्कन म्हणाली. "घे. तुझ्या हातान होवंदे."

सुमतीनं ताट पुढे केलं नाही, तेव्हा मासे कोळणीनंच त्यात घातले आणि नाणं मागून घेतलं.

आणि व्हायचं तेच झालं. इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. दुपारी शिडाच्या होडीनं ती होडी ओढत आणली. पोरगा धड होता, जाळं कोरडं होतं. किनाऱ्यावर सगळा गाव जमलेला. कोळणीचा नवरा तिच्या अंगावर धावून गेला, "विधवेच्या हातान भवानी केलंस, आता भोग!"

"इंजिन बिघाडला, ता काय तिना बिघडवल्यान?" ती ओरडली. पण आवाज फाटलेला होता.

ही बातमी सुमतीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा निघाली. आई बरी होऊन ताट घेऊन फाटकाशी उभी. कोळीण आली, आमच्या फाटकावरून सरळ पुढे गेली आणि सुमतीच्या बंद दारापुढे उभी राहिली.

"दार उघड गो चेडवा."

कडी निघाली नाही.

मग तिनं पाटी उतरवली आणि ती चक्क पायरीवर बसली. "मी हयसून उठूचंय नाय," म्हणाली. मांजरं गोळा झाली, माशांवर ऊन आलं. बसल्या जागी तिचे गुडघे हलत होते, पण ती उठेना. आईनं हाक मारली तर म्हणाली, "तुझो हात बरोच आसा वयनी. आज हिच्याकडेच." माझी शाळेची वेळ टळत होती. मला तिथून हलवेना.

शेवटी आतून सुमतीनं कोळणीच्या पोराबद्दल विचारलं. "तुझ्या झिलाचा काय झाला तर?"

"माझ्या झिलाक पोवता येता."

दार उघडलं. सुमतीनं मासे घेतले, नाणं दिलं. वळणावर गेल्यावर कोळणीनं ते नाणं पुन्हा पुन्हा कपाळाला लावलेलं मी पाहिलं. भीती तिची गेली नव्हती. भीतीसकट ती आली होती, आणि म्हणूनच ती मला इतकी आवडते. त्या दिवशी जाळ्यात बांगडा बऱ्यापैकी लागला. रिकामं आलं असतं तरी ती तिसऱ्या दिवशी आली असती, याविषयी मला शंका नाही.

पुढं तिची भवानी तिथंच होत राहिली. आई थोडे दिवस रुसली, मग विसरली.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर झाकलेल्या असताना, कोळीण गेली. पुनव झाल्यावर सकाळी मी पडवीत येऊन उभा राहिलो. कशाची वाट बघतोय हे माझं मलाच कळत होतं. रस्त्यानं एक परकी, तरुण कोळीण आली. इथली घरं तिला माहीत नव्हती. ती आमच्या फाटकाकडे वळणार, तोच पलीकडून हाक आली. सुमती ताट घेऊन पायरीवर उभी होती. आसपासच्या सगळ्या घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"आधी हय ये गो! तुझी भवानी मी करतंय."