अडीचशे व्होल्टचा फ्लॅश

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन वलवणच्या घरीच करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "तुझ्या आईचा एक फोटो माझ्या फ्लॅशनं निघाला पाहिजे. बाकी तुमचं काय चालायचं ते चालू द्या."

लोणावळ्याच्या बाजारात बाबांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला, कॅमेरे विकले गेले, डोळे अधू झाले, पण हा फ्लॅश त्यांनी जुन्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात जपला होता. मी भाड्यानं जाणाऱ्या बंगल्यांचे फोटो काढते. माझ्या पोटापाण्याचा कॅमेरा एकच. त्याच्या डोक्यावर तो ठोकळा बसवायचा म्हटल्यावर माझं टाळकंच सटकलं.

"चालणार नाही, बाबा."

"का? इतकी वर्षं वापरला, कुणाला चावला नाही."

"तुमचे कॅमेरे दणकट होते. माझा नाजूक आहे."

"मग नाजूक वस्तू घ्यावी कशाला?"

हा वाद तोंडानं मिटणारा नव्हता. मी मल्टिमीटर काढला. बाबांनी सेलच्या जागेतल्या गंजलेल्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या, नवे सेल घातले. चींऽऽ असा बारीक आवाज चढत गेला आणि मागचा, फ्लॅश भरल्याचा लाल दिवा लागला. बाबा एकदम तरतरीत झाले. वर्षानुवर्षं पडून होता म्हणून लगेच न उडवता मी तो थोडा वेळ तसाच भरलेला ठेवला. मग मीटरची एक तार फ्लॅशच्या तळाच्या मधल्या टिकलीला टेकवली, दुसरी कडेच्या पट्टीला. काटा अडीचशे व्होल्टच्या पुढे गेला. माझ्या कॅमेऱ्याला त्या जागी जेमतेम पाच-सहा व्होल्ट सोसतात. बटण दाबताक्षणी आतलं सर्किट जळालं असतं.

"बघ, अजून दम आहे!" बाबा म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

उघडून काही करता येईल का, असं त्यांनी विचारून पाहिलं. तेवढं मात्र मी साफ नाकारलं. सेल काढले तरी आतला कपॅसिटर भरलेला राहतो, त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. म्हटलं, "चंद्रदर्शनाच्या आधी तारे दिसायला नकोत."

हसले, पण रुसले. दोन्ही वेळचं जेवण खाली मान घालून. मलाच राहवेना. शेवटी पुण्याहून काडेपेटीएवढा स्लेव्ह आणला. फ्लॅश त्यावर बसतो. कॅमेऱ्याशी तारेचा, धातूचा, कसलाच संबंध नाही. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश लुकलुकला की तो उजेड पाहून हा लांबूनच उडतो. पहिला फोटो तरीही काळाकुट्ट आला. माझा कॅमेरा फोटोच्या आधी अंदाज घ्यायला एकदा लुकलुकतो आणि बाबांचा फ्लॅश त्यालाच फसून आधीच उडून मोकळा होत होता. कॅमेऱ्यातला फ्लॅश मॅन्युअलवर केला, तेव्हा जमलं.

सोहळ्याच्या दिवशी औक्षण झालं, बाबांची तुला झाली. मग आईला खुर्चीत बसवून बाबा फ्लॅश हातात धरून बाजूला उभे राहिले. कान्हे गावात दिलेली आत्या ओरडली, "दादा, तू बी बस की हितं! सोहळा तुजा हाय न्हवं?"

"आधी हिचा," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आत्याच्या जावयानं आपल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि त्या उजेडानं बाबांचा फ्लॅश फाडकन उडाला. सगळे हसले. बाबा मात्र चिडले. "फुकट घालवला!" सगळ्यांचे फ्लॅश बंद करायला लावून आम्ही लाल दिव्याची वाट पाहत राहिलो. आईनं पदर सारखा केला. बाबांनी हात उंच करून फ्लॅश किंचित तिरका धरला आणि मी बटण दाबलं.

फोटो सुरेख आला होता. आईच्या गालावर मऊ उजेड होता. मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. ती बराच वेळ बघत राहिली.

"खरा आला गं," ती म्हणाली.

"खरा म्हणजे?"

"लग्नाकार्यात सगळे म्हणायचे, वहिनींचाही एक काढा. की हे कॅमेऱ्याचं सोडून नुसतंच फ्लॅशचं बटण दाबायचे. रोल गिऱ्हाइकाचा, तो माझ्यावर कसा घालवायचा?"

बाबांचा चेहरा पडला. "तुला कळत होतं?"

"न कळायला काय झालं? बाकीच्यांच्या फोटोनंतर तुम्ही खटका ओढून रोल पुढे सरकवायचात. माझ्यानंतर तो आवाज यायचा नाही."

बाबांनी फ्लॅश खाली टेबलावर ठेवला. "मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तेही बंद केलं असतंत," आई म्हणाली. "तेवढा वेळ तरी तुम्ही माझ्याकडे बघायचात."