लोकरीच्या दुकानात आक्का

सुनेला सातवा महिना लागला आणि तिनं पुण्याहून फोनवर जाहीर केलं, "आई, बाळाचं पहिलं टोपडं तुमच्या हातचं हवं मला. तुमचं माहेर विणकरांचं ना!"

माहेर विणकरांचं, हे खरं. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी दोन माग होते आणि माझं सगळं लहानपण त्यांच्या खटखटीत गेलं. पण ज्याच्या शेतात ऊस असतो त्याला साखर करता येतेच असं नाही. साडी मागावर विणतात, टोपडं सुयांवर. सुई मी फक्त बटण लावायला धरली होती, आणि ते बटणही टिकत नसे. पण सुनेला हे कसं सांगायचं? गेली पाच वर्षं मीच तिला ऐकवत आले होते की आमच्या घराण्यात हातात कला आहे.

वर तिनं पत्ताही पाठवला. बेळगावात टिळकवाडीच्या एका आतल्या रस्त्यावर, जुन्या घरात, लोकरीचं नवीन दुकान निघालं होतं. शिकवतातही म्हणे. फोटो इतके सुंदर होते की मला आधी वाटलं हॉटेल आहे.

मी निपाणीत सरकारी कचेरीतून निवृत्त झाले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवरा शिक्षक होता, तोही निवृत्त. दिवसभर तो पेपर वाचायचा आणि मी त्याला पेपर वाचताना बघायचे. त्यामुळे बेळगावला जायला कारण मिळालं याचा आनंदच झाला. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. कंडक्टरला आधार कार्ड दाखवून मी शून्य रुपयाचं तिकीट घेतलं आणि संकेश्वर येईपर्यंत विणकामाचे तीन व्हिडिओ बघितले. तिन्ही बघून काही कळलं नाही, पण तयारी केल्याचं समाधान मिळालं.

दुकानात एकटीनं जायला धीर होईना म्हणून आधी वडगावात जाऊन थोरल्या बहिणीला, आक्काला, बरोबर घेतलं. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नही तिचं गल्लीतल्याच विणकराशी झालं. म्हणजे सुताच्या घरातून सुताच्या घरात गेली, मध्ये दोनशे पावलांचं अंतर. लोकर आणायला जायचंय म्हटल्यावर ती म्हणाली, "त्यात बघण्यासारखं काय असतंय? पण चल. मी येतो. घरात बसून कट्टाळा आलाय."

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी ते नोकरीत लागल्यावर प्रयत्नानं सोडलं. आक्कानं काहीच सोडलेलं नाही.

घर खरंच देखणं होतं. कौलारू, समोर सोपा, लाकडी खांबांना तेलपाणी केलेलं. पूर्वी कुणा डॉक्टरांचं होतं, मुलं परदेशी गेली, घर रिकामं पडलं. दारावरच्या पाटीत मोठी अक्षरं कन्नड, त्याखाली लहान इंग्रजी, आणि दोन्हींत मिळून दुकानाचं जे नाव होतं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. चपला बाहेर काढायच्या होत्या. आत स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डबे होते तिथं रंगीत सुताच्या लडी. धान्याच्या कणगीत पांढरी लोकर भरलेली. आणि देवघरात, जिथं देव बसायचे तिथं, परदेशातून आलेली सगळ्यात महाग लोकर मांडलेली, वर छोटा पिवळा दिवा. आक्कानं सवयीनं तिथं हात जोडले. मग नीट बघितलं आणि जोडलेले हात तसेच पदरात पुसून टाकले.

दुकानाची मालकीण तिशीतली पोरगी. बंगळूरची कंप्यूटरची नोकरी सोडून आलेली, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं गोड. तिनं आमचं स्वागत कन्नडमध्ये केलं, चौकशी हिंदीत केली आणि मी मराठीत उत्तर दिल्यावर "अय्यो, मग मराठीतच बोलूया की!" म्हणाली. आत पाच-सहा बायकांचा वर्ग चालला होता. सगळ्यांचे चष्मे चांगले होते. मला एकदम आपण योग्य ठिकाणी आलो असं वाटलं.

तेवढ्यात आक्कानं एका लडीतला धागा उपसला, दोन बोटांत उलटा पिळला, डोळ्यांजवळ नेला आणि जिभेनं ओला करून बघितला.

"आजी, प्लीज," मालकीण धावली, "हात नका ना लावू. नाजूक आहे."

"हात लावला न्हाय तर सूत कळायचं कसं गं?" आक्कानं विचारलं. मग माझ्याकडं वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "पीळ कमी हाय ह्याला. दोन धुण्यात फुगंल."

चष्मे वर झाले. मालकीण अजून हसतच होती, पण हसू जरा ताणलेलं. तिनं मला विचारलं, "ह्या कोण, मॅडम? तुमच्यासोबत आहेत?"

आणि मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत. सोबतीला आल्यात."

का म्हणाले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी धाक घातला नव्हता. त्या पाच-सहा अनोळखी बायकांना मी पुन्हा कधी भेटेन याचीही खात्री नव्हती. शाळेत असताना माझ्या वाटणीच्या कांड्या आक्का भरायची. बाणाच्या, म्हणजे आडव्या सुताच्या कांड्या, रोजच्या ठरलेल्या. आई विचारायची तेव्हा ती सांगायची, अर्ध्या हिनं भरल्यात. त्या वेळात मी पुस्तक धरलं, परीक्षा दिली, नोकरी लागले, खुर्चीवर बसले. एवढं सगळं तिच्या एका खोट्यावर उभं राहिलं आणि परतफेड म्हणून मी हे दुसरं खोटं बोलले.

आक्का जवळच होती. तिनं ऐकलं असणार. ती खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसली. मालकिणीनं सगळ्यांना छोट्या कपांतून काळी कॉफी दिली तेव्हा आक्का कपात बघत एवढंच म्हणाली, "दूध सपलं व्हय गं?"

मी वर्गात बसले. सुलट टाका, उलट टाका. माझ्या सुया एकमेकींशी बोलायला तयार नव्हत्या. अर्ध्या तासात माझ्याकडं सात टाके होते, त्यांतले दोन कुठून आले ते कळत नव्हतं.

मग तो प्रकार झाला. शेजारच्या बाईनं देवघरातली ती महागडी लोकर घेतली होती, गडद डाळिंबी रंगाची. लडीचा गोळा करायला तिथं एक लाकडी यंत्र होतं, छत्रीसारखं उघडणारं, गोल फिरणारं. बाईंनी उत्साहानं ते भरकन फिरवलं. लड निसटली, खाली पडली, बाईंनी घाईनं एक धागा ओढला, मग दुसरा ओढला. दोन मिनिटांत लोकरीचा असा गुंता झाला की जणू मांजरीला त्यात झटका आलाय. सगळ्या मदतीला धावल्या आणि प्रत्येकीनं आपल्या बाजूनं एक एक धागा ओढला. शेवटी मालकीण उसासा टाकून म्हणाली, "कट करावं लागेल," आणि कात्री घेऊन आली.

"कात्री ठेव खाली."

बाकावरून आवाज आला. आक्का उठली, गुंता उचलला, जमिनीवर मांडी घातली. "गुंता वडायचा नसतोय. सैल करायचा असतोय. टोक कशाला शोधताय आत्ताच? आधी ह्यात हवा जाऊ दे." तिनं तो गुंता दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू पसरवला, झाडला, परत पसरवला. थोड्या वेळानं तिनं मान वर केली आणि अतिशय अदबीनं मला हाक मारली.

"बाईसाहेब, जरा हिकडं येता काय?"

मी गेले. जाणं भाग होतं.

"हात म्होरं करा, बाईसाहेब. असं. आता हलवू नका."

सुटलेला धागा ती माझ्या दोन हातांवर गुंडाळत गेली. मी तिच्यासमोर हात पसरून खांबासारखी बसले. दीड तास. मध्ये नाक खाजलं, पण खाजवायची सोय नव्हती. बायकांनी फोन काढले आणि चित्रण सुरू केलं. एकीनं विचारलं, "आजी, कुठं शिकलात हे?"

"घरात," आक्का म्हणाली. "एक धाकटी भन हुती मला. तिच्या वाटच्या कांड्या भरत भरत शिकलो."

"त्या पण विणकर आहेत?"

"न्हाय बा. ती लई शिकली." गाठ सोडवताना तिची बोटं क्षणभर थांबली. "आमच्या ह्या बाईसाहेबांगत. ह्या पण मोठ्या हापिसात हुत्या. किती साध्या हाईत बघा, इतका येळ हात धरून बसल्यात."

सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. इतकं लाजिरवाणं कौतुक माझ्या वाट्याला निरोपसमारंभातही आलं नव्हतं.

शेवटचं टोक सुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. एकही धागा तुटला नव्हता. मालकीण आक्काच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "आजी, दर गुरुवारी याल का आमच्याकडं? यांना सूत हाताळायला शिकवाल?" आक्का म्हणाली, "दूध घालून चहा देत असशील तर यीन."

परतताना रिक्षात आक्का बाहेरची दुकानं बघत होती. मीच म्हणाले, "आक्का, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तू ऐकलंस ना, मी काय म्हणाले ते."

"वळखीच्या हाईत म्हणालीस. त्यात खोटं काय हाय? साठ वर्सं वळखतोय मी तुला." मग माझ्याकडं वळून, "पर एक सांगू? नुसतं 'आक्का' म्हणली असतीस तरी भागलं असतं. हितं समदीच एकमेकीला आक्का म्हणत्यात. कुणाला पत्ता लागला नसता."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तेव्हा तिनं पिशवीतून रुमाल काढून दिला आणि रिक्षावाल्याला दम भरला, "तू म्होरं बघून चालीव रं!"

तो व्हिडिओ दोन दिवसांत कुठल्या कुठं गेला. सुनेचा फोन आला, "आई, मावशी किती भारी! आणि तुम्ही समोर बसलाय ना हात पसरून?" व्हिडिओखाली इंग्रजीत लिहिलं होतं, गुरू आणि त्यांची मदतनीस. नवऱ्यानं पेपर बाजूला ठेवून तो चार वेळा बघितला. निवृत्तीनंतर त्यानं माझ्याकडं इतक्या एकाग्रतेनं पहिल्यांदाच बघितलं असावं.

पुढच्या गुरुवारी मी बसमध्ये ठरवलं की आज सगळ्यांसमोर खरं सांगायचं. संकेश्वरच्या स्टँडवर वाक्य तयार केलं, हत्तरगीच्या पुढं ते बदललं. दुकानात पोचल्यावर वर्ग सुरू होण्याआधी उभी राहिले आणि म्हणाले, "मला काही सांगायचंय. ह्या माझ्या ओळखीच्या बाई नाहीत. माझी सख्खी थोरली बहीण आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले."

कुणी दचकलं नाही. मालकीण लोकर मोजता मोजता म्हणाली, "हो, माहितीये की. तुमची दोघींची नाकं बघा ना मॅडम." दुसऱ्या एकीला वाटलं होतं की आमच्यात वाद चाललाय, म्हणून ती विषय काढत नव्हती. डाळिंबी लोकरवाली म्हणाली, "बरं, ते असू दे, माझा टाका सुटलाय, आक्का बघता का?" माझा कबुलीजबाब तिथंच संपला. आठ दिवस उरात धोंडा घेऊन फिरले, आणि त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.

सुयांवरचं विणकाम आक्कालाही येत नव्हतं, तीही माझ्याबरोबरच शिकली. तिसऱ्या गुरुवारी ती पायमोज्याची टाच वळवायला लागली. मी अजून टोपड्याच्या काठात होते. बाळ वेळेवर आलं, मुलगी. माझं टोपडं तिच्या डोक्यात घातलं तर थेट हनुवटीपर्यंत आलं. सून समजूतदार आहे, म्हणाली, "शाळेत जाईल तेव्हा बसेल." आक्कानं विणलेले पायमोजे मात्र मापात बसले, आणि फोटोत तेच आहेत.

आता मालकिणीनं नवीन सूत आणलंय, वडगावातूनच, आणि त्याच्या लडीला लावायच्या चिठ्ठीवर छापायला आक्काच्या हातांचा फोटो काढायचं ठरवलं. आक्का खणाची नवी चोळी घालून, केसांना तेल लावून आली आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसली. फक्त हात हवेत म्हटल्यावर तिला पटेना. "हातात काय बघायचं हाय? तोंडाचा काढ की." मालकिणीनं समजावलं की हात जास्त छान दिसतात, लोकांना हात आवडतात. चिठ्ठी छापून आली. मी ती आक्काला नेऊन दाखवली. चष्मा लावून, लांब धरून, जवळ धरून तिनं खूप वेळ बघितली.

"नखं काढून ये म्हणून तरी सांगायचं," ती म्हणाली.